बंगालच्या पुष्करिणी आणि कचुरीपाना

बंगालच्या सखल मुलखात घर बांधावयाचे म्हणजे आधी खड्डा खणावयाचा. पावसाळ्यात नद्यांचे पाणी शेताशेतांतून पसरते. घराचे जोते त्या पाण्याच्या वर राहावयाचे तर ते चांगले पुरुषभर उंच हवे. त्यासाठी लागणारी माती शेजारचीच. माती वर गेली की मागे खड्डा राहतो, त्यात पाणी साठते, आणि त्यालाच घरातली माणसे ‘पुकुर’ म्हणू लागतात. गावच्या धनिकाने किंवा जमीनदाराने पुण्यार्थ खणविलेले विस्तीर्ण तळे असेल तर ती ‘दिघी’. महाराष्ट्रात विहीर जे काम करते ते, आणि त्याशिवाय आणखी दहा कामे, बंगालमध्ये या पुष्करिणींनी शतकानुशतके केली. पिण्याचे पाणी, स्नान, धुणेभांडी, गुरांचे डुंबणे, ताग कुजविणे, भाजीचा मळा शिंपणे आणि रोजच्या जेवणातला मासा हे सारे त्यांच्याकडूनच मिळावयाचे.

इतकी परस्परविरुद्ध कामे एकाच पाण्याकडून करवून घ्यावयाची तर त्यांना काही शिस्त लागते. संपन्न गावांत ती होती. एक तळे पिण्यासाठी राखून ठेवावयाचे, त्यात गुरे उतरवावयाची नाहीत. बायकांचा घाट निराळा, पुरुषांचा निराळा. ताग कुजवावयाचा तो गावाबाहेरच्या डबक्यात. शेवाळ, गोंडाळ, पाण्याखालच्या लांबट वेली यांचा उपद्रव तेव्हाही होताच. पण उन्हाळ्यात पाणी तळाला गेले म्हणजे काही वर्षांच्या अंतराने तळ्यातला गाळ उपसण्याची चाल होती. तिला बंगाली भाषेत नाव मोठे अर्थपूर्ण आहे: ‘पंकोद्धार’. गाळ निघाला की वनस्पतींची मुळे निघाली, आणि ज्या खतावर त्या पोसत तेही निघाले. तो गाळ केळीच्या बागेत जाई, खचलेल्या जोत्यावर जाई. उपसलेल्या तळ्यात पुढच्या पावसाळ्यात रोहू, कातला, मृगल यांची पिले सोडीत. कातला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगल तळाशी. हे ज्ञान कोळ्यांना पुस्तकावाचून होते. गाळाची वाट पाहणारा कोणी असे, माशाची वाट पाहणारा कोणी असे, आणि म्हणून तळे साफ होई. धर्मशास्त्रांनी तडाग खणण्याचे पुण्य वर्णिले आहे आणि जुन्याचा जीर्णोद्धारही पुण्यप्रदच मानला आहे. परंतु त्या पुण्याला केळीच्या बागेचा आधार होता हे विसरून चालणार नाही.

म्हणून जुने ते सारे निर्मळ होते असे मात्र नव्हे. १८८४ साली जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख हा कलकत्त्यात पटकीच्या जंतूचा शोध घेत होता. शहराच्या पूर्वेस बेलियाघाटा भागातील एका तळ्याच्या काठी पटकीने माणसे मरत होती. त्या तळ्यातच काठची वस्ती न्हात होती, कपडे धूत होती आणि तेच पाणी पीत होती. कॉखला त्या पाण्यात स्वल्पविरामाच्या आकाराचा तो जंतू सापडला. पाण्यावर बाहेरून काही दिसत नसतानाही त्यात मृत्यू असू शकतो, ही गोष्ट बंगालच्या तळ्याने साऱ्या जगाला शिकविली.

कॉख परत गेला तेव्हा बंगालच्या पुष्करिणींची अवनती सुरू होऊन बराच काळ लोटला होता. तिचे एक कारण दप्तरात सापडते. १७९३ च्या कायमधाऱ्याने जमीनदारी स्थिर झाली. पण जमीनदार हळूहळू कलकत्त्यास राहावयास गेले आणि खेड्यातली दिघी गुमास्त्याच्या हाती आली. गुमास्त्याला वसुलीशी काम, गाळाशी नव्हे. दुसरीकडे वारसाहक्काने मालकीचे तुकडे पडत गेले. बंगालमध्ये हिस्सा मोजण्याची रीत अशी की, संपूर्ण मालकी म्हणजे सोळा आणे. एका आण्याचे वीस गंडे, एका गंड्याच्या चार कडा, एका कडेच्या तीन क्रांती. म्हणजे अखंड मालकीच्या ३८४० क्रांती झाल्या. शेताचे तुकडे करता येतात, पाण्याचे करता येत नाहीत. म्हणून तळे ‘एजमाली’, म्हणजे सामाईक राहावयाचे. तीन पिढ्यांनंतर एखाद्या पुकुरात कोणाचे दोन आणे, कोणाचे सात गंडे, कोणाच्या चार क्रांती. मासे धरावयाच्या दिवशी या साऱ्या क्रांती हजर असत. गाळ काढावयाच्या दिवशी मात्र, माझ्या सात गंड्यांसाठी मी सोळा आण्यांचे तळे का उपसावे, असा प्रश्न प्रत्येक हिस्सेदाराला पडे. आणि प्रश्न काही अगदीच गैरवाजवी नव्हता.

दुसरे कारण गावाच्या बाहेर होते. डॉक्टर चार्ल्स बेंटली या गृहस्थांचे नाव मुंबईच्या इतिहासातही येते. तेथील हिवतापाच्या कारणांचा शोध घेऊन १९११ साली त्यांनी अहवाल लिहिला आणि त्यापायी मुंबईतील कित्येक विहिरी बंद करण्याची मोहीम निघाली. हेच बेंटली पुढे बंगालच्या आरोग्य खात्याचे प्रमुख झाले. १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या हिवताप आणि शेती यांवरील आपल्या पुस्तकात त्यांनी प्रतिपादन केले की, रेल्वेचे, रस्त्यांचे आणि नद्यांचे बांध घातल्यामुळे पुराचे गढूळ पाणी पूर्वीसारखे गावागावांतून खेळत नाही. त्यामुळे जमीन निकस होते आणि साचलेल्या पाण्यात डास माजतात. सर विल्यम विलकॉक्स या पाटबंधाऱ्यांच्या तज्ज्ञाने १९२८ च्या कलकत्ता येथील व्याख्यानांत हाच विचार आणखी पुढे नेला. त्यांचे सारे निष्कर्ष सर्वांना मान्य झाले नाहीत. तथापि पश्चिम आणि मध्य बंगालच्या तळ्यांना वर्षातून एकदा धुऊन काढणारे पाणी कमी झाले, एवढे तर कोणालाही दिसत होते. आतला गाळ कोणी काढीना, बाहेरचे पाणी येईना. कडेला वनस्पतींची दाटी झाली म्हणजे डासांच्या अळ्यांना तीत आसरा मिळतो. मासे त्यांच्यापर्यंत पोहोचू शकत नाहीत. हिवतापाने अर्धमेल्या झालेल्या गावात कुदळ कोणी उचलावयाची?

ती उचलण्याचा एक प्रयत्न मात्र झाला, आणि तो सरकारने नव्हे तर एका डॉक्टराने केला. गोपालचंद्र चट्टोपाध्याय यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस कलकत्त्याजवळच्या पाणिहाटी या गावी सहकारी हिवताप-निवारक मंडळ स्थापिले आणि १९१९ साली अशा मंडळांची मध्यवर्ती संस्था उभी केली. गावकऱ्यांनी थोडी थोडी वर्गणी द्यावी, तळ्यांच्या कडा साफ कराव्यात, डबक्यांवर रॉकेल टाकावे, क्विनाइन वाटावे, असा तो साधा कार्यक्रम होता. बंगालच्या गावोगाव अशी मंडळे निघाली. रवींद्रनाथ ठाकुरांची सहानुभूती या कार्याला लाभली, आणि १९२२ साली लिओनर्ड एल्महर्स्ट यांच्या साहाय्याने त्यांनी सुरूल येथे जे ग्रामसेवेचे केंद्र काढले, जे पुढे श्रीनिकेतन म्हणून प्रसिद्ध झाले, तेथेही हिवताप आणि गावची तळी हा कामाचा एक भाग होता. मंडळांची मर्यादा एवढीच की, ती स्वेच्छेवर चालणारी होती. ज्या तळ्याचे हिस्सेदार एकमेकांशी बोलत नव्हते, तेथे मंडळाचे तरुण फार तर काठापर्यंत जाऊ शकत.

अशा या निर्नायक पाण्यात एक नवा पाहुणा उतरला. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतील अॅमेझॉनच्या खोऱ्यातला. मराठीत त्याला आज जलपर्णी म्हणतात, बंगालीत कचुरीपाना. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेचे झाड म्हणून हा बंगालमध्ये आला. त्याचे फूल जांभळट निळे, वरच्या पाकळीवर मोराच्या पिसासारखा पिवळा ठिपका. बागेच्या हौदात ठेवण्याचा मोह कोणालाही व्हावा असे. पहिल्या महायुद्धाच्या काळात खेड्यापाड्यांतून लोक त्याला ‘जर्मन पाना’ म्हणू लागले. ही पीडा शत्रूनेच सोडली असावी अशी समजूत पसरली होती. ती खोटी, पण तिच्यामागचा संताप खरा होता.

या वनस्पतीचे सामर्थ्य तिच्या रचनेत आहे. पानाचे देठ हवेने फुगलेले असल्यामुळे ती तरंगते. मुळे जमिनीला नव्हे, पाण्याला लागलेली. एका रोपाला आडव्या फांदीने दुसरे रोप जडते आणि अनुकूल हवेत एक-दोन आठवड्यांत संख्या दुप्पट होते. बी तळाच्या चिखलात पंधरा-वीस वर्षे निद्रिस्त राहून पुन्हा रुजू शकते. पृष्ठभाग झाकला की पाण्यात ऊन पोहोचत नाही, प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात, आणि कुजलेल्या पानांचा थर तळाशी बसून तळे वरून आणि खालून एकाच वेळी भरत जाते. पूर्व बंगालात याहून मोठा अनर्थ होई. पुराबरोबर कचुरीपान्याचे प्रचंड तांडे वाहत येऊन उभ्या अमन भातावर चढत आणि ते पीक मोडून टाकीत. खालांतून तागाच्या होड्या अडू लागल्या, तेव्हा १९१४ च्या सुमारास नारायणगंजच्या व्यापाऱ्यांनी सरकारकडे तक्रार केली. सरकारचे लक्ष प्रथम वेधले ते शेतकऱ्याच्या भातामुळे किंवा गावच्या पिण्याच्या पाण्यामुळे नव्हे, तर तागाच्या वाहतुकीमुळे, हे नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

पुढची कथा म्हणजे उपायांची मालिका आहे. सरकारी तंतुतज्ज्ञ रॉबर्ट फिनलो आणि त्यांचे सहकारी मॅक्लीन यांनी १९१७ साली दाखवून दिले की, कचुरीपान्यात पोटॅश भरपूर असून तिचे खत किंवा राख उपयोगी पडेल. युद्धामुळे जर्मनीचे पोटॅश बंद झाले होते, म्हणून या कल्पनेला काही काळ बाजारभाव आला. पण हिरव्या वनस्पतीत शंभरातले सुमारे पंचाण्णव भाग पाणी. ती वाळवून जाळावी ती पाण्याने वेढलेल्या दमट मुलखात! युद्ध संपले, जर्मन पोटॅश पुन्हा आले, आणि राखेचा व्यापार थंडावला. त्यानंतर ग्रिफिथ्स नावाच्या गृहस्थांनी एक विषारी फवारा पुढे केला. १९२१ साली सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते जगदीशचंद्र बोस. फवाऱ्यावर समितीचा विश्वास बसला नाही. पाने करपतात, पण पाण्याखालचा कोंब जगतो. आणि ज्या पाण्यात गुरे आणि माणसे तोंड घालतात त्यात विष ओतावयाचे, हा व्यवहार केवळ वनस्पतिशास्त्राचा उरत नाही. उतावळ्या शासनाला हे पटणे कठीण होते. त्याला तोड हवी होती आणि बोस वनस्पतीचा जीवनक्रम समजून घ्या असे सांगत होते.

अखेरीस कायद्याकडे वळणे क्रमप्राप्त झाले. सिलोनने १९०९ साली आणि ब्रह्मदेशाने १९१७ साली जलपर्णीविरुद्ध कायदे केले होते. बंगालचा कायदा १९३६ चा. त्यान्वये कचुरीपाना लावणे किंवा बाळगणे हा अपराध ठरला आणि आपल्या ताब्यातील जमीन वा पाणी तिच्यापासून मुक्त करण्याची जबाबदारी ताबेदारावर आली. १९३७ च्या निवडणुकीत तर बंगाल कचुरीपानामुक्त करण्याचे वचन पक्षांच्या जाहीरनाम्यांत होते. एका तणाला निवडणुकीच्या राजकारणात एवढे मानाचे स्थान हिंदुस्थानात क्वचितच मिळाले असेल. फजलुल हक मुख्यमंत्री झाले आणि एप्रिल १९३९ मध्ये ‘कचुरीपाना सप्ताह’ पाळण्यात आला. अधिकारी, शिक्षक, विद्यार्थी, शेतकरी कंबरभर पाण्यात उतरले. चिखलाने माखलेल्या या माणसांचा उत्साह खोटा नव्हता, आणि बऱ्याच भागांत पाणी मोकळे झालेही.

परंतु सप्ताह सात दिवसांचा असतो आणि रोपे एक-दोन आठवड्यांत दुप्पट होतात. शिवाय उपसलेला ढीग कोठे ठेवावयाचा? तो काठावरच राहिला तर पहिल्या सरीबरोबर त्यातला रस आणि त्यातले जिवंत कोंब पुन्हा पाण्यात. कायद्यातला ‘ताबेदार’ हा शब्द स्वच्छ होता. जमिनीवरचा ताबेदार नव्हता. नदीचा सोडलेला प्रवाह, बिल, खाल यांचा ताबा कोणाचा? आणि एजमाली पुकुराच्या नोटिशीवर नाव कोणाचे लिहावयाचे? सात गंडेवाल्याचे की चार क्रांतीवाल्याचे? नोटीस बजावणाऱ्या गरीब कारकुनाची यात जी त्रेधा उडाली असेल तिची कल्पना महसुली दप्तर ज्याने हाताळले आहे त्याला सहज करता येईल. एका हिस्सेदाराने आपल्या घाटापुढचे पाणी साफ केले तर संध्याकाळचा वारा समोरच्या काठचा कचुरीपाना तेथे आणून सोडतो. वाऱ्याला क्रांती आणि कडा कळत नाहीत.

ही अडचण ज्याला नेमकी दिसली होती तो कायदा मात्र फारसा कोणाच्या स्मरणात नाही. १९३९ चाच ‘बंगाल तलाव सुधारणा कायदा’. निवडणुकीत त्याची घोषणा झाली नव्हती, त्याचा सप्ताहही पाळला गेला नाही. जे तळे गाळाने आणि तणाने निकामी झाले आहे ते कलेक्टरने तसे जाहीर करावे, मालकांना सुधारण्याची संधी द्यावी, त्यांनी ती घेतली नाही तर तळे ठराविक मुदतीसाठी ताब्यात घेऊन ते सुधारण्यास तयार असलेल्याच्या हाती सोपवावे आणि खर्च तळ्याच्या उत्पन्नातून फिटावा, अशी त्याची योजना. मालकी कोणाची हिरावून घेतली नाही, पण व्यवस्था एका हाती आणली. तणाचा शत्रू विष नव्हे, दंडही नव्हे, तर तळ्यापासून काही मिळण्याची आशा असलेला एक जबाबदार माणूस, हे या रुक्ष कलमांच्या कर्त्याने ओळखले होते. दुर्दैवाने पुढची वर्षे महायुद्धाची, १९४३ च्या दुष्काळाची आणि फाळणीची होती. स्वातंत्र्यानंतर पश्चिम बंगालात मत्स्यशेतीच्या निमित्ताने तो पुन्हा कामी आला.

ही ओळख किती खरी होती याचा पुरावा बंगालपासून फार दूर मिळतो. बंगालच्या आरोग्य खात्यात कीटकशास्त्रज्ञ असलेले एम. ओ. टी. अय्यंगार १९३० नंतरच्या वर्षांत त्रावणकोरच्या हत्तीरोगाचा अभ्यास करीत होते. चेर्तला भागात त्यांना आढळले की, ज्या डासांमुळे हा रोग पसरतो त्यांच्या अळ्या गोंडाळाच्या मुळांना चिकटून, मुळात नळी खुपसून तिच्यातूनच हवा घेतात. तण काढले की डास संपले. उपाय इतका सोपा असूनही अर्धशतक रोग हटला नाही, कारण तेथे गोंडाळ हे तण नव्हतेच! माडांना घालावयाचे ते खत होते, आणि घरोघरच्या तळ्यांत लोक ते हौसेने वाढवीत. पाय हत्तीसारखा होण्याची भीती वर्षांनंतरची. नारळाची गरज याच हंगामाची. १९८६ साली पाँडिचेरीच्या कीटकजन्य रोग संशोधन केंद्राने तेथे काम आरंभिले तेव्हा डासांवर व्याख्याने देऊन ते थांबले नाहीत. तळ्यांत मासे पाळण्यासाठी बँकांकडून कर्ज मिळवून दिले, गवत खाणारे मासे आणले, आणि शाळाशाळांतून मुलांची मंडळे काढली. माशांना मोकळे पाणी लागते. गोंडाळाचे उत्पन्न सोडावयाचे तर त्याहून मोठे उत्पन्न समोर हवे, ते दिसल्यावर लोकांनी स्वतःच तळी साफ केली.

तेथे आणलेला गवत्या मासा मूळचा चीनकडचा. १९५९ साली तो भारतात आणून कटकच्या तळ्यांत वाढविण्यात आला. पाण्याखालचे कोवळे तण तो अधाशीपणे खातो, पण कचुरीपान्याकडे सहसा वळत नाही. आणि खाल्लेल्या तणाचे खत पाण्यातच सोडतो, त्यामुळे मासे फार झाले तर तण जाऊन पाणी शेवाळाने हिरवे होते. कचुरीपान्यासाठी तिच्याच मायदेशचे दोन जातींचे सोंडे किडे १९८२ साली बंगळूरला आणून पारखले गेले आणि नंतर तेथल्या तलावांत सोडले. दोन-चार वर्षांत काही तलावांचे पाणी पुन्हा दिसू लागले. मात्र किड्यांना वेळ लागतो, आणि शहराचे सांडपाणी रोज नवे खत आणून ओतीत असेल तर खाणाऱ्यापेक्षा वाढणारा पुढे जातो. पुण्याची मुळा-मुठा, कोल्हापूरची पंचगंगा, उजनीचा फुगवटा येथे दरवर्षी यंत्रांनी जलपर्णी काढावी लागते ती याच कारणाने. ती वनस्पती पाणी बिघडविते हे खरे, पण आधी बिघडलेल्या पाण्यावरच ती एवढी माजते.

१९३६ च्या कायद्याने ज्या बंगालला कचुरीपानामुक्त करावयाचे होते त्याची दोन राज्ये झाली. सीमेच्या दोन्ही बाजूंना ते जांभळे फूल आजही उमलते. पूर्वेकडे शेतकरी तिचेच थर रचून त्यांवर तरंगते भाजीचे वाफे करतात. पश्चिमेकडची तळी २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशातील पहिल्या जलाशय-गणनेत मोजली गेली. देशात एकूण २४,२४,५४० जलाशय भरले. त्यांत पश्चिम बंगालचा क्रमांक पहिला, सुमारे ७ लाख ४७ हजार. देशातील या जलाशयांपैकी शेकडा ५५.२ खाजगी मालकीचे आहेत. मोजणाऱ्याच्या कागदावर प्रत्येक तळे एक म्हणून गणले गेले. त्याच्या मालकांच्या क्रांती आजही गावच्या खतियानात तपासाव्या लागतात.